डोळ्यांना न वाचता येणारे लेखन : क्यूआर कोड आणि त्याचा वाचक

प्रस्तावना

व्यावहारिक लेखनाचा विचार करताना आपण सामान्यतः अर्ज, पत्र, सूचनाफलक, जाहिरात, अहवाल अशा प्रकारांचा विचार करतो. या सर्व प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मजकूर समोर आला, की अक्षरओळख असलेली कोणतीही व्यक्ती तो वाचू शकते. अक्षरओळख नसलेली व्यक्ती दुसऱ्याकडून वाचून घेऊ शकते. गेल्या काही वर्षांत आपल्या भोवतीच्या लेखनात एका अशा प्रकाराची भर पडली आहे, की ज्याला हे गृहीत लागू पडत नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, आधारपत्रावर, शालेय पाठ्यपुस्तकाच्या पानावर, रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर दिसणारा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड, हे लेखनच होय. त्याला लिपी आहे, लेखनाचे नियम आहेत, ओळीही आहेत. मात्र तो माणसाच्या डोळ्यांसाठी लिहिलेला नाही. मोबाईलचा कॅमेरा हा त्याचा पहिला वाचक असतो आणि आपण दुसरे.

या लेखनाचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुसंख्येने आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. क्यूआर कोडसमोर साक्षर आणि निरक्षर प्रथमदर्शनी सारखेच असतात, कारण दोघांनाही तो वाचता येत नाही. दोघांमधला फरक पडतो तो पुढच्या क्षणी, कॅमेऱ्याने वाचलेला मजकूर मोबाईलच्या पडद्यावर उमटतो तेव्हा. तो मजकूर कोण वाचतो, किती वाचतो आणि त्यावर काय करतो, हा या लेखाचा खरा विषय आहे.

या लेखनाची लिपी

प्रथम या चौकोनाची रचना समजून घेऊ. किराणा मालाच्या वेष्टनावर उभ्या रेघांचा जो बारकोड असतो, तो या कोडचा पूर्वज. त्यात माहिती एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे मांडलेली असते आणि तीत जेमतेम वीसएक अक्षरे मावतात. जपानमधील डेन्सो या कंपनीच्या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगारांना ते एकामागून एक वाचून घ्यावे लागत. ही अडचण दूर करण्यासाठी मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती साठवणारा चौकोनी कोड तयार केला. तो १९९४ साली जाहीर झाला. ‘गो’ या पटावरील खेळात काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांची जाळीवर होणारी मांडणी पाहून हारा यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कंपनीने आपला स्वामित्वहक्क वापरणाऱ्यांवर बजावला नाही. त्यामुळे हा कोड कोणालाही विनामूल्य तयार करता येतो. त्याच्या प्रसाराचे हे मोठे कारण आहे. आणि आपण पुढे पाहू, त्याच्या धोक्याचेही.

कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. चौथा कोपरा तसा नसतो. कॅमेऱ्याला कोड कोठे आहे आणि तो सरळ आहे की उलटा, हे या तीन चौकोनांवरून कळते. त्यांच्या मधोमध कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या आणि पांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. हे प्रमाण सहज निवडलेले नाही. कोडच्या आजूबाजूच्या इतर छपाईशी गोंधळ होऊ नये, म्हणून वृत्तपत्रे, मासिके, खोकी यांवरील छपाई तपासून तीत क्वचितच आढळणारे प्रमाण शोधून काढले गेले. कोडभोवती पांढरी मोकळी पट्टीही सोडावी लागते. फलकाची शोभा वाढवण्यासाठी त्या पट्टीवर नक्षी काढली, तर कॅमेरा अडखळतो.

उरलेल्या जागेत प्रत्येक काळा किंवा पांढरा ठिपका म्हणजे एक बिट, एक ‘हो’ किंवा ‘नाही’. सर्वांत लहान कोड २१ गुणिले २१ ठिपक्यांचा आणि सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ ठिपक्यांचा असतो. विशेष असे, की सर्व ठिपके मूळ मजकुराचे नसतात. काही ठिपके मजकुरावरून गणिताने काढलेले जादा ठिपके असतात. कोडचा काही भाग फाटला, तेलकट झाला किंवा उन्हाने उडाला, तर या जादा ठिपक्यांवरून हरवलेला मजकूर पुन्हा उभा करता येतो. कोड तयार करताना निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्क्यांपर्यंतचे नुकसान भरून निघू शकते. पत्रातील दोन शब्दांवर पाणी सांडले, तरी मागच्यापुढच्या संदर्भावरून आपण वाक्य लावतो. इथे मात्र तर्काला जागा नाही. मजकूर एक तर अचूक उभा राहतो, नाही तर कोड वाचलाच जात नाही. कोडच्या मध्यभागी एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह छापलेले असते, तेही याच सवलतीच्या आधारावर.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे, असा एक मुद्दा आहे. या कोडची मूळ नियमावली अंक, रोमन मोठी अक्षरे आणि जपानी चित्रलिपी यांच्यासाठी खास सोयी करते. देवनागरीसाठी तशी सोय नाही. जपानी चित्राक्षराला १३ बिट पुरतात. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा किंवा अनुस्वार सामान्यतः प्रत्येकी २४ बिट घेतो. ‘नंदुरबार’ हा शब्द देवनागरीत लिहिताना न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र अशी आठ चिन्हे येतात. त्यांना १९२ बिट लागतात. हेच नाव रोमन मोठ्या अक्षरांत नऊ अक्षरांचे होते आणि ५० बिटांत बसते. म्हणजे मराठीला जवळजवळ चौपट जागा द्यावी लागते. कोडमध्ये जास्तीत जास्त २९५३ बाइट मावतात, तेव्हा शुद्ध देवनागरी मजकूर एक हजार चिन्हांच्या आतच संपतो. शिवाय मजकूर वाढला, की ठिपके बारीक होतात आणि साध्या कॅमेऱ्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत. यंत्राची लिपी सर्व भाषांना सारखीच वागवते, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

तीन प्रकारचे कोड

दिसायला सर्व कोड सारखे असले, तरी त्यांच्या पोटात काय आहे यावरून त्यांचे तीन प्रकार मानता येतात. हे वर्गीकरण तांत्रिक ग्रंथांतील नव्हे; वापरणाऱ्याच्या सोयीसाठी केलेले आहे.

पहिला प्रकार माहिती स्वतःच्या अंगावर वागवणारा. याचे सर्वांत ठळक उदाहरण नंदुरबार जिल्ह्याशी जोडलेले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत प्रदान करण्यात आले. आज आधारपत्रावर जो कोड असतो, त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि छायाचित्र साठवलेले असते. आधार क्रमांकाचे मात्र केवळ शेवटचे चार अंक असतात. साध्या कॅमेऱ्याने तो पाहिला, तर अंकांची एक लांबलचक रांग दिसते. आधार प्राधिकरणाच्या उपयोजनाने म्हणजेच ॲपने तो वाचला, की त्या अंकांतून नाव आणि छायाचित्र उलगडते.

२०१८ पासून या कोडमध्ये प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी म्हणजे हाताच्या सहीचे चित्र नव्हे. संपूर्ण मजकुरावर, केवळ प्राधिकरणाकडे असलेल्या गुप्त किल्लीने केलेल्या गणिताचे ते उत्तर असते. पत्त्यातील एक अक्षर बदलले, तरी ते उत्तर जुळत नाही आणि ॲप तसे सांगते. पडताळणीसाठी लागणारी दुसरी, उघड किल्ली ॲपमध्येच असल्याने त्या वेळी इंटरनेटची गरज भासत नाही. सातपुड्याच्या रांगांतील अक्राणी (धडगाव) किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर मोबाईलला संपर्क मिळत नसेल, तरी हा कोड आपले काम करू शकतो. छापील कागदावरील नाव बदलणे सोपे आहे. स्वाक्षरीसह कोड बनावट करणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून ओळख पटवून घेणाऱ्याने कागद पाहण्यापेक्षा कोड वाचावा, हे इष्ट. अर्थात, कोड खरा आहे म्हणजे तो आणणारी व्यक्ती तीच आहे असे सिद्ध होत नाही. पडद्यावर आलेले छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहावेच लागते.

दुसरा प्रकार केवळ पत्ता सांगणारा. यात माहिती नसते. माहिती जेथे आहे त्या ठिकाणाचा निर्देश असतो. जपानमध्ये २००२ च्या सुमारास कॅमेरा असलेल्या मोबाईल संचांत हा कोड वाचण्याची सोय आली आणि छोट्या कळफलकावर संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता टाइप करण्याचा त्रास वाचला. मोबाईल सेवांसाठी कोडचा वापर तेथून फोफावला. आपल्या राज्यात या प्रकाराचे नाव निघाले, की सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा उल्लेख करावा लागतो. पाठ्यपुस्तकातील कवितेजवळ कोड चिकटवून मुलांना तिचे ध्वनिमुद्रण ऐकवण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला.

बालभारतीच्या पुस्तकांतील कोड ‘दीक्षा’ या शासकीय ॲपवरील साहित्याकडे नेतात. घरी मुलांची पुस्तके असतील, तर ती उघडून पाहा. कोडजवळ सहा अक्षरांचा एक छोटा संकेतही छापलेला आढळेल. कॅमेरा बिघडला असेल, तर तो संकेत ॲपमध्ये टाइप करूनही त्याच धड्यापर्यंत पोहोचता येते. माणसाला वाचता येईल असा पर्याय शेजारी ठेवण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. ती सर्वत्र दिसत नाही, ही खेदाची बाब होय.

पत्ता सांगणाऱ्या कोडची मर्यादा उघड आहे. संपर्क नसेल, तर तो निरुपयोगी. डोंगरातील शाळेच्या पुस्तकावर कोड छापल्याने तेथील मुलाला चलचित्र दिसले, असे होत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन ‘दीक्षा’वरील पाठ मोबाईलमध्ये उतरवून आणणे, हा त्यावरचा एक व्यवहार्य उपाय आहे, कारण त्या ॲपमध्ये तशी सोय आहे. पण तो उपाय शिक्षकाच्या किंवा पालकाच्या पदरमोडीवर उभा असतो, हे विसरता कामा नये.

तिसरा प्रकार परवानगी मागणारा. नुकसान होते ते बहुधा या प्रकाराकडे पहिल्या दोहोंच्या नजरेने पाहिल्यामुळे. दुकानातील यूपीआयचा कोड वरवर पाहता पत्ताच असतो. त्यात पैसे स्वीकारणाऱ्याचा देयकपत्ता, नाव आणि काही वेळा रक्कम असते. परंतु तो वाचताच मोबाईल आपल्याला एका कृतीच्या उंबरठ्यावर नेऊन उभा करतो आणि पिन टाकला, की आपण बँकेला आज्ञा देतो: माझ्या खात्यातून पैसे काढा. व्हॉट्सॲप संगणकावर जोडण्याचा कोड याहून वेगळा दिसत नाही. तो मात्र आपल्या सर्व संभाषणांचे दार त्या संगणकाला उघडून देतो. पहिल्या दोन प्रकारांत कोड वाचणारा काहीतरी मिळवतो. तिसऱ्या प्रकारात तो काहीतरी देतो.

‘स्कॅनर’ या शब्दाविषयी

यूपीआय ही व्यवस्था राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केली आणि अल्पावधीत ती भाजीच्या पाटीपर्यंत पोहोचली. तिच्याबरोबर मराठी बोलीत एक शब्दप्रयोग रुजला. गिऱ्हाईक विचारते, “स्कॅनर आहे का?” आणि दुकानदार कोडचा फलक पुढे सरकवतो. वस्तुतः फलक काहीच वाचत नाही. वाचणारा असतो गिऱ्हाइकाच्या हातातील मोबाईल. शब्दशक्तींच्या परिभाषेत बोलायचे, तर वाचकाचे नाव वाच्य वस्तूला देणारी ही लक्षणा आहे. भाषेत असे होतच असते आणि त्यात दोष काढण्याचे कारण नाही.

तथापि या लक्षणेमुळे कोण वाचतो आणि कोण वाचला जातो, हा भेद बोलण्यातून पुसला जातो. फसवणूक करणारे नेमके तेथेच बोट ठेवतात. समजा, आपण नंदुरबारच्या बाजारात सुकी मिरची विकायला ठेवली आहे, किंवा सारंगखेड्याच्या यात्रेनंतर एखाद्या जनावराच्या विक्रीची बोलणी दूरध्वनीवरून चालू आहेत. पलीकडची अनोळखी व्यक्ती म्हणते, “भाऊ, इसार पाठवतो. मी पाठवलेला स्कॅनर उघडा आणि पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील.” हे वाक्य कानाला खटकत नाही, कारण ‘स्कॅनर’ आणि ‘पैसे जमा होणे’ हे शब्द आपण दुकानात रोज जोडीने ऐकतो. दुकानदाराकडे स्कॅनर असतो आणि त्याला पैसे मिळतात, मग आपल्याकडे आला तर आपल्यालाही मिळतील, असा तो तर्क. प्रत्यक्षात कोड ज्याचा, त्याच्याकडे पैसे जातात. वाचणाऱ्याच्या खात्यातून ते जातात. पैसे स्वीकारण्यासाठी कोड वाचावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी.

फसवणुकीचा दुसरा मार्ग याहून साधा आहे. कोणालाही कोड विनामूल्य बनवता येतो, हे आपण वर पाहिले. दुकानाच्या मूळ कोडवर रात्रीतून दुसऱ्याच कोडची चिकटपट्टी लावली, तर दुकानदाराच्या डोळ्यांना फरक कळणार नाही, कारण ते लेखन त्याच्या डोळ्यांसाठी नाहीच. फरक कळतो तो पडद्यावर येणाऱ्या नावावरून. म्हणून रक्कम टाकण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचावे आणि दुकानदाराने होकार द्यावा, ही सवय दोघांच्याही हिताची आहे. येथे पुन्हा प्रश्न येतो तो वाचनाचा. भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या व्यक्तीच्या मोबाईलवर हे नाव आणि सूचना बहुधा इंग्रजीत उमटतात. अनेक देयक ॲपमध्ये भाषा बदलून मराठी निवडण्याची सोय असते. ती निवड करून देणे हे घरातील शिकलेल्या व्यक्तीचे काम आहे आणि ते काम आपल्यापैकी बहुतेकांना आजच करता येण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे कॅमेरा असलेला मोबाईल नाही, त्यांच्यासाठी *९९# ही कोडविना आणि इंटरनेटविना चालणारी सेवाही उपलब्ध आहे.

फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विलंब न लावता कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्यापूर्वी रोखता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पाहू, असे म्हणण्यात मोलाचे तास जातात.

स्वयं-अध्ययन

आपल्या घरात आणि गावात आढळणारे किमान पाच कोड शोधा. आधारपत्र, मुलांचे पाठ्यपुस्तक, दुकानाचा फलक, औषधाचे किंवा खताचे वेष्टन, एसटी किंवा रेल्वे स्थानकावरील सूचना यांपैकी काहीही चालेल. प्रत्येक कोड वाचल्यावर पडद्यावर प्रथम काय उमटते, ते कोणत्या भाषेत आहे, आणि पुढचे बटण दाबल्यावर आपण काही मिळवणार आहोत की देणार आहोत, याची वहीत नोंद करा. पैशांच्या कोडच्या बाबतीत नाव दिसेपर्यंतच जावे आणि तेथून मागे फिरावे.

त्यानंतर गावातील एखाद्या दुकानात कोडशेजारी लावता येईल अशी चाळीस शब्दांची सूचना मराठीत तयार करा. ती आपल्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतही लिहून पाहा आणि मराठी लिहायला-वाचायला न येणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी कोणत्या शब्दाचा अर्थ विचारला, ते लिहून ठेवा आणि तो शब्द बदला.